केटीएम ड्यूक २०० : पुढचं चाक उचलायला २५ पीएसची ताकद पुरते का?

निकाल आधी सांगतो, मग पुढचं वाचायचं तर वाचा. व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून चालवणं, शिकायला जुनी, पहिल्या पिढीतली ड्यूक २०० ही ड्यूक ३९० पेक्षा चांगली गाडी आहे. पण शोरूममधून आली तशी नाही. पुढच्या सॉकेटचा (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र) एक दात कमी, मागं ताजा रेडियल टायर, हवा मोजून आणि मागचा ब्रेक पायाखाली नीट बसवलेला, एवढं केलं की काम झालं. नाहीतर क्लच जाळत बसाल आणि ‘टू हंड्रेडला दम नाही’ म्हणून गावभर सांगत फिराल.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगवर जॉबवर्क करतो, त्यामुळं गाडी बघताना माझी नजर टाकीच्या रंगावर न जाता आधी सॉकेटच्या दातांवर जाते. गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. चाक उचलायची प्रॅक्टिस शिरोली एमआयडीसीत मित्राच्या शेडमागच्या आवारात, गेट लावून, हेल्मेट आणि बूट घालून. रंकाळ्याच्या कडेला पोरं करतात तो प्रकार यात धरू नका. रस्त्यावर पकडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं, आणि समोर कुणाची आजी फिरायला आलेली असते ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. व्हीली म्हणजे पॉवर, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. खरा खेळ दोन अंतरांचा आहे. गाडी १४० किलो आणि मी ७०, मिळून २१० धरा. या सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून साधारण ६८ सेंटीमीटर पुढं आणि जमिनीपासून जवळजवळ तेवढाच वर येतो. दोन्ही अंतरं सारखी असली की हिशेब सोपा होतो: पुढचं चाक सुटायला मागच्या टायरनं रस्त्याला वजनाइतकाच रेटा द्यायला हवा. म्हणजे २१० किलो.

इंजिनाकडं आहे १९.२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. पहिल्या गिअरला प्रायमरी, गिअर आणि चेन मिळून तो सुमारे २८ पट होतो. टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर, वाटेत दहाएक टक्के घर्षणात गेले धरा. टायरच्या कडेला पोचतो १६५ ते १७० किलो रेटा. म्हणजे ४० किलो तूट. कंपनीच्या सेटिंगमध्ये नुसता ॲक्सिलरेटर पिळून २०० उठत नाही त्याचं कारण हे एवढंच. दम नाही असं नव्हे, हिशेब तुटीचा आहे.

ही तूट भरायच्या जागा चार: सॉकेट, बसायची जागा, पुढच्या शॉकअपची उसळी आणि क्लच मारणं, म्हणजे क्लच दाबून एकदम सोडणं. पोरं थेट चौथ्यावर जातात. क्लच हा सगळ्यात शेवटी.

सॉकेटचं बघा. कंपनीकडून येतो पुढं १४ आणि मागं ४३. पुढं १३ टाकला की रेटा पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. मागं ४६ टाकून पुढं १४ ठेवला तर सात टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. गॅरेजमध्ये ‘पुढचा एक म्हणजे मागचे तीन’ म्हणतात ते बरोबर आहे. पुढचा सॉकेट बदलणं स्वस्त आणि सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पण त्यात एक खोच आहे. पुढचा सॉकेट लहान केला की चेन सैल पडते आणि ताण आणायला चाक मागं ओढावं लागतं. चाक मागं गेलं की व्हीलबेस (दोन चाकांच्या एक्सलमधलं अंतर) वाढला, म्हणजे थोडंसं उलटंच झालं. शिवाय चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) प्लास्टिकच्या पट्टीला जास्त घासते. मागचा सॉकेट मोठा केला तर चाक पुढं येतं, व्हीलबेस आखूड होतो. फरक मिलिमीटरमधलाच, पण चाक जमिनीवरून सुटायच्या क्षणी तो मला तरी जाणवतो.

म्हणून मी ४६ दातांचा स्वतःच पाडून बघितला. ५२० ची चेन, पिच १५.८७५ मिमी, प्लेट ईएन-८ पोलादाची. दात पाडणं हे काम नाही, ते कुणीही डिव्हायडिंग हेडवर पाडेल. खरं काम त्यानंतरचं, दातांना इंडक्शन हार्डनिंग करून घेणं, म्हणजे विजेनं तापवून झटकन थंड करून दात कडक करणं. आमच्याच भागात स्वस्तात सॉकेट मिळतात ते नुसते कापलेले असतात, दात कच्चे. व्हीलीत चेनला बसणारा झटका साध्या चालवण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. कच्चे दात एका बाजूला कलतात, टोकं हुकासारखी वळतात आणि चेन प्रत्येक दाताला ‘टक’ करून सुटते. हाताला दाताची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीला धार लागली की समजा सॉकेट गेला. चाकू लागतो तशी धार लागते, उघड्या बोटानं बघू नका.

१३ आणि ४६ एकत्र लावून बघितलं तेव्हा रेटा पंधरा टक्क्यांनी वाढला, म्हणजे १९० च्या पुढं. त्यात सीटवर पंधरा सेंटीमीटर मागं सरकलं, तर ७० किलोचा माणूस सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटर मागं नेतो आणि लागणारा रेटा २१० वरून १९५ वर येतो. बघा, फुकटात पंधरा किलो. एवढ्यावर पहिल्या गिअरला गाडी क्लच न मारता उठायला येते. कागदावर लय भारी. प्रत्यक्षात पहिला गिअर इतका आखूड होतो की ३५-३६ च्या वेगालाच लिमिटर लागतो. लिमिटर म्हणजे इंजिन अचानक श्वास रोखतं, आणि हवेतलं चाक धाडकन खाली. शिकणाऱ्याला उचलणं आणि लिमिटर यांच्यामध्ये थोडी तरी जागा हवी. कंपनीच्या सेटिंगला ही हद्द ४२ च्या आसपास, १३/४३ ला ३९. म्हणून माझा शेवटचा निकाल १३/४३. तो ४६ चा काढून ठेवलाय.

रोजच्या चालवण्यात १३/४३ चा तोटा आहे. पुण्याला जाताना हायवेवर ऐंशी-नव्वदला इंजिन जरा जास्तच ओरडतं, सहाव्यातून सातवा गिअर शोधत पाय उगाच हलतो. शहरात मात्र पिकअप असा की दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल सुटल्यावर कुणी मागं राहतं का हे बघायची गरज पडत नाही.

आता टायर. इथं मी जास्त बोलणार आहे, कारण इथंच सगळ्यांची गल्लत होते.

रेटा वजनाइतका हवा असं वर म्हटलं. चाक सुटतं त्या क्षणी सगळं वजन मागच्या एका टायरवर आलेलं असतं आणि तो टायर त्याच वजनाएवढा रेटा आडवा देत असतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला, जरा गरम झालेला टायर जेमतेम एवढं धरतो. जेमतेम! धुळीत, ओल्यात, थंड टायरवर धरत नाही. मग काय होतं? चाक उठायच्या ऐवजी जागच्या जागी फिरतं आणि मागचा भाग आडवा पळतो. ‘पावसात माझी गाडी उठत नाही, इंजिनात काहीतरी झालंय’ म्हणणारे भेटतात. इंजिनाला काही झालेलं नसतं, भावा.

आणि ग्रिप नाही यापेक्षा वाईट म्हणजे ग्रिप तुकड्यातुकड्यात असणं. शिरोलीत फौंड्र्या भरपूर. तिथली काळी बारीक वाळू वाऱ्यानं, ट्रकच्या चाकांनी कुठंही पसरते. काँक्रीटवर तिचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, नुसता भाग जरा मळकट वाटतो. त्यावर ॲक्सिलरेटर दिला की टायर फिरतो, आरपीएम वर जातात, आणि तेवढ्यात चाक स्वच्छ काँक्रीटवर येतं. फिरत्या चाकाची सगळी ताकद एका झटक्यात लागते आणि पुढचं चाक छातीवर येतं. त्या आवारात एकजण असाच गाडीच्या मागून उतरला. गाडी पुढं, हा मागं बसलेला. तेव्हापासून आम्ही खराटा मारल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. जमिनीचा आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. नुसतं घोटून गुळगुळीत केलेलं ट्रिमिक्स काँक्रीट दिसायला छान, ग्रिपला शून्य. खराट्याच्या रेघा मारलेलं असेल तर ते डांबराच्या तोडीचं.

सुरुवातीच्या ड्यूकवर एमआरएफचे १५०/६०-१७ यायचे. मी आता मिशेलिन पायलट स्ट्रीट रेडियल त्याच मापात लावलाय. पसंत आहे. रेडियलची बाजू मऊ असते पण मधला पट्टा सपाट राहतो, त्यामुळं हवा थोडी कमी केली तरी मधोमध रबर नीट टेकतं, आणि व्हीलीत गाडी टायरच्या मधल्या पट्ट्यावरच उभी असते. उठल्यावर गाडी डावी-उजवीकडं डोलते ते डोलणं याच्यावर कमी वाटलं. ओल्या डांबरावरही भरवसा वाटतो. गगनबावड्याच्या पावसात चालवून बघितलाय, अर्थात दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून.

नवा टायर लावला की लगेच चाक उचलायला जाऊ नका. कुठल्याही कंपनीचा नवा टायर साच्यातून चकचकीत येतो, वरचा थर घासून जाईपर्यंत तो धरत नाही. आधी शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा.

घेताना बाजूवरचा आकडा वाचा. डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शहरातल्या एका टायरवाल्यानं मला ‘पॅक पीस आहे’ म्हणून चार वर्षांचा जुना टायर काढून दिला होता. नखानं दाबून बघितलं तर रबर दाबलंच जात नव्हतं. आकडा दाखवला तेव्हा म्हणाला, ‘साहेब, टायर काय दूध आहे का नासायला?’ उत्तर ऐकून हसलो आणि दुसऱ्या दुकानात गेलो.

मोठा टायर लावायची हौस हा वेगळाच रोग आहे. १५०/६० च्या जागी १४०/७० लावला तर रुंदी कमी पण उंची वाढते. व्यास अडीच टक्क्यांनी मोठा, म्हणजे गिअर तेवढेच लांब झाले. एक दात कमी करून जे कमावलं त्यातला तिसरा हिस्सा टायरनं खाल्ला. १६० चा लावला तर रिम तेवढीच असल्यामुळं टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि मध्ये फुगतो. मागून बघायला गाडी ऐटबाज, पण टेकणारा मधला पट्टा अरुंद. फोटोला घ्या, व्हीलीला नको.

उलट, हायवेवर सरळ चालवून मधोमध चपटा झालेला टायर सरळ व्हीलीला उलट बरा पडतो, गाडी डोलत नाही. पण तोच टायर घेऊन आंबा घाटात वळणावर गेलात तर कडेवर जाताना गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. दोन्ही कामं एकाच टायरवर होत असतील तर मी घाटाची बाजू घेईन.

हवेचं सांगतो. एकट्यासाठी कंपनीचा आकडा दोन्ही चाकांना २९ पीएसआय, मागं माणूस असेल तर मागच्याला ३२. पंपावरचा पोरगा विचारत नाही, हात सरळ ३५-४० वर जातो. चाळीस पीएसआयला टायर दगड होतो, टेकतो तेवढाच एक पट्टा, आणि धरत काहीच नाही. मी आवारात मागं २४ ठेवतो. त्याच्या खाली स्टंटवाले जातात, त्यांचा वेग कमी आणि गाडी त्याच कामाची. माझी गाडी मला रोज कामावर नेते. २४ वर खड्ड्यात गेलं की रिमला ठेच लागते, ट्यूबलेसची कड सुटायची भीती वेगळी. म्हणून घरी निघायच्या आधी पंप लावून परत २९. पायानं मारायचा साधा पंप आणि स्वतःचा गेज, हे दोन घेतल्याशिवाय या नादाला लागू नका. पंपावरच्या दोन गेजमध्ये तीन-चार पीएसआयचा फरक सहज सापडतो.

गंमत अशी की ग्रिप सगळ्यात जास्त लागते ती उचलताना. गाडी बॅलन्स पॉइंटला, म्हणजे मागच्या चाकावर तोलून राहते त्या जागेला, आली की रेटा जवळजवळ लागतच नाही, ॲक्सिलरेटर केसभर हलवायचा. तिथं काम मागच्या ब्रेकचं. चाक डोक्याच्या मागं जायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडण्यापेक्षा मागचा ब्रेक हलका दाबला तर गाडी लवकर ऐकते. ड्यूकची मागची डिस्क २३० मिमी आहे, ताकद हवी तेवढी. पण ब्रेकचा पेडल कंपनीच्या उंचीवर असतो आणि मागं सरकून बसल्यावर घोटा वाकडा होतो. पेडल ॲडजस्ट करून पाय नुसता ठेवला तरी बोट त्याला टेकेल असा लावा. दोन मिनिटांचं काम, पण या सगळ्या यादीत मी पहिलं हेच करेन. ब्रेकवर पाय नसताना शिकणाऱ्याला मी गाडी देत नाही, मेव्हण्यालासुद्धा दिली नाही.

मागच्या डब्ल्यूपी कंपनीच्या मोनोशॉकला (एकच शॉकअप) फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बदलता येतो. मऊ ठेवला तर गाडी मागं बसते आणि मग उसळते. चाक वर असताना ही उसळी नको. मी दोन घर कडक केलाय. पुढचे फोर्क मात्र कामाचे: ॲक्सिलरेटर क्षणभर सोडला की पुढचा भाग दबतो, वर येताना ॲक्सिलरेटर दिला की स्प्रिंगची ताकद फुकट मिळते. एवढं जमलं की क्लच अर्ध्यानं कमी मारावा लागतो.

३९० बद्दल विचारणारच, म्हणून सांगतो. पहिल्या पिढीतल्या ३९० चा टॉर्क ३५ न्यूटन-मीटर. हाच हिशेब मांडला तर पहिल्या गिअरला गाडी आणि माणसाच्या वजनाइतका रेटा नुसत्या ॲक्सिलरेटरवर मिळतो. म्हणजे मनगट चुकलं की चाक वर. येणाऱ्याला मजा, शिकणाऱ्याला धोका. २०० मध्ये तुम्हाला चाक उचलावं लागतं, म्हणून कशानं उठतं ते कळतं. आणि जुने लोक आरएक्स १०० चं नाव काढतील, काढू देत. ११ बीएचपीची गाडी उठायची, कारण वजन १०३ किलो आणि व्हीलबेस १,२४० मिमी. पुन्हा वजन आणि अंतराचाच खेळ!

शेवटी खर्च. व्हीलीनं गाडी झिजते, त्यात गाडीचा दोष नाही. पहिला जातो कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, कारण प्रत्येक वेळी चाक आपटतं ते त्याच्यावर. मग पुढची ऑइल सील, मग क्लच प्लेट. ही गाडी जुनी घ्यायला जाणार असाल तर पुढचं चाक कुणाला तरी उचलून धरायला सांगा आणि हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट गेलाय आणि आधीच्या मालकाला आपल्यासारखाच नाद होता. फोर्कच्या नळीवर तेलाची कडी दिसते का बघा, मागच्या नंबरप्लेटच्या खालची कड आणि टेललाइट घासलेत का बघा. घासलेले असतील तर साठ हजाराच्या गाडीतले सरळ पाच हजार कमी करून मागा. देतो तो.

४६ चा सॉकेट, हार्डनिंग केलेला, थोडाच वापरलेला, पडून आहे. फक्त आवारात चालवणाऱ्या कुणाला हवा असेल तर उद्यमनगरात या, चहाच्या पैशात देतो.